मुदतवाढ केव्हा द्यावी? अमेरिकन बास्केटबॉलमधील खेळाडूंच्या करारांचा इतिहास, १९४६–२०२५

व्यावसायिक क्रीडासंस्थांच्या इतिहासात सामने, विक्रम आणि विजेते ह्यांच्या नोंदी विपुल आढळतात; त्यांच्या तळाशी असलेल्या करारांचा इतिहास मात्र बहुधा उपेक्षित राहतो. वस्तुतः कोणता खेळाडू कोणत्या नगराच्या संघात किती वर्षे राहिला, ह्याचा उलगडा पुष्कळदा मैदानावर होत नाही. तो कराराच्या कलमांत होतो. अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन (ह्यापुढे ‘असोसिएशन’) ह्या संस्थेच्या संघांपुढे दरवर्षी एक प्रश्न उभा राहतो : ज्या खेळाडूचा करार अद्याप संपलेला नाही, त्यास पुढील वर्षांसाठी मुदतवाढ आजच द्यावी, की करार संपेपर्यंत थांबावे? हा प्रश्न कोणत्या परिस्थितीत निर्माण झाला, आणि निरनिराळ्या संघांनी त्याची उत्तरे कोणत्या विचाराने दिली, ह्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रारंभी संज्ञेचा अर्थ निश्चित करणे इष्ट होईल. जुना करार संपल्यावर त्याच संघाशी केलेला करार हा नवा करार होय. एकाच पक्षाच्या इच्छेने जुना करार त्याच अटींवर पुढे चालू राहिला, तर ते नूतनीकरण होय. मुदतवाढ ह्या दोहोंहून भिन्न आहे. तीत जुना करार अमलात असतानाच उभय पक्ष पुढील वर्षांचे वेतन ठरवितात, आणि ती वर्षे जुन्या कराराच्या शेवटास जोडली जातात. ह्यामुळे स्वाक्षरीचा दिवस आणि मुदतवाढ अमलात येण्याचा दिवस ह्यांत बहुधा एक वर्षाचे, क्वचित दोन वर्षांचेही अंतर पडते. त्या अंतरात खेळाडूची गुणवत्ता वाढेल किंवा त्याचा गुडघा निकामी होईल. ठरलेली रक्कम मात्र बदलत नाही.

ह्या खेळात मैदानावर एका वेळी एका बाजूचे पाचच खेळाडू असतात, हेही ध्यानात ठेवावयास हवे. त्यामुळे एका असामान्य खेळाडूच्या असण्यानसण्याने संघाचे भवितव्य जितके पालटते, तितके ते अकरा खेळाडूंच्या खेळांत सहसा पालटत नाही. एका व्यक्तीविषयीच्या निर्णयास येथे जे वजन प्राप्त होते, त्याचे मूळ खेळाच्या ह्या रचनेतच आहे.

(१) राखीव कलमाचा काळ

असोसिएशनचा उगम १९४६ मध्ये बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका ह्या नावाने झाला. १९४९ मध्ये नॅशनल बास्केटबॉल लीग ह्या प्रतिस्पर्धी संस्थेशी तिचे विलीनीकरण होऊन तिला आजचे नाव प्राप्त झाले. तिच्या संघांनी खेळाडूंशी जे करार केले, त्यांत बेसबॉलच्या धर्तीवरचे राखीव कलम होते. खेळाडूने पुढील हंगामासाठी स्वाक्षरी केली नाही, तरी संघास जुना करार एका वर्षाने आपण होऊन वाढविता येत असे. आणि एका संघाने राखून ठेवलेल्या खेळाडूशी दुसऱ्या संघाने बोलणी करू नयेत, असा दंडक होता. परिणामतः खेळाडूचे पुढील वर्ष हे त्याचे नव्हतेच. जे आपल्या हाती आधीच आहे त्यासाठी आगाऊ मोल देण्याचे संघमालकास प्रयोजन नव्हते. म्हणून मुदतवाढ केव्हा द्यावी, हा प्रश्नही त्या काळात उद्भवत नव्हता.

१९५४ मध्ये बॉस्टन संघाचे बॉब कूझी ह्यांनी खेळाडूंची संघटना उभारण्यास प्रारंभ केला व १९५७ मध्ये तिला मालकांकडून मान्यता मिळाली. जानेवारी १९६४ मध्ये बॉस्टन येथे निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना दूरचित्रवाणीवरून दाखविला जावयाचा होता. निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळेपर्यंत खेळाडूंनी त्या संध्याकाळी मैदानात उतरण्याचे नाकारले, आणि ते आश्वासन मिळविले. त्या काळच्या मागण्यांचे स्वरूप ह्यावरून कळून येते. त्या वेळी झगडा निवृत्तीनंतरच्या दिवसांसाठी होता; संघ बदलण्याचे स्वातंत्र्य ही अद्याप दूरची गोष्ट होती.

राखीव कलमाची कसोटी लागली ती प्रतिस्पर्धी संस्था उभ्या राहिल्यावर. १९६१ मध्ये डिक बार्नेट ह्यांनी सिरॅक्यूस संघ सोडून अमेरिकन बास्केटबॉल लीग ह्या नव्या संस्थेच्या क्लीव्हलंड संघाशी करार केला, तेव्हा ओहायो राज्यातील न्यायालयाने सिरॅक्यूसच्या बाजूने निर्णय दिला. १९६७ मध्ये अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन ही अधिक बलवान प्रतिस्पर्धी संस्था स्थापन झाली व रिक बॅरी ह्यांनी सॅन फ्रान्सिस्को संघ सोडून तिच्या ओकलंड संघाची वाट धरली. न्यायालयाने त्यांस एक हंगाम दुसरीकडे खेळण्यास मनाई केली. १९६७–६८ चा तो हंगाम त्यांनी न खेळता घालविला, आणि पुढील वर्षी ते ओकलंडकडून खेळू लागले. ह्या निर्णयाचे दोन्ही अर्थ महत्त्वाचे आहेत. कलम बंधनकारक ठरले; परंतु ते बंधन एका वर्षापुरतेच ठरले. जे बंधन अखंड समजले जात होते, त्यास प्रथमच शेवटची तारीख मिळाली.

(२) मुक्ततेचा हक्क आणि वेतनमर्यादा

१९७० मध्ये खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन ह्यांच्या नावाने असोसिएशनविरुद्ध मक्तेदारीविरोधी कायद्यान्वये दावा दाखल झाला. ह्या दाव्यामुळे दोन संस्थांचे नियोजित विलीनीकरण लांबणीवर पडले. १९७६ मध्ये तडजोड झाली. प्रतिस्पर्धी संस्थेचे चार संघ असोसिएशनमध्ये आले, आणि त्याच वेळी राखीव कलमाचा जुना आधार नाहीसा झाला. प्रथम काही वर्षे खेळाडू गेल्यास जुन्या संघास भरपाई देण्याची पद्धत होती. नंतर दुसऱ्या संघाने देऊ केलेल्या रकमेची बरोबरी करून खेळाडूस राखण्याचा अधिकार जुन्या संघास देण्यात आला. १९८८ च्या सामूहिक करारानंतर अशा बरोबरीच्या अधिकारावाचून सर्वस्वी मुक्त होणारे पहिले नामांकित खेळाडू म्हणजे टॉम चेंबर्स. ते त्या वर्षी सिॲटल सोडून फीनिक्सला गेले.

मुक्ततेचा हक्क मिळताच मुदतवाढीस मोल आले. ह्या संक्रमणकाळातील एक टोकाचे उदाहरण म्हणजे लॉस एंजेलिस लेकर्स संघाने १९८१ मध्ये मॅजिक जॉन्सन ह्यांच्याशी केलेला २५ वर्षांचा व अडीच कोटी डॉलरांचा करार. तो १९८४ पासून अमलात यावयाचा होता. राखीव कलमाने पूर्वी जे फुकट मिळत होते, ते मालकाने येथे रोख मोजून विकत घेऊ पाहिले, असे ह्या कराराचे वर्णन करता येईल.

१९८३ मध्ये उभय पक्षांनी वेतनमर्यादेचे तत्त्व स्वीकारले. १९८४–८५ च्या हंगामात एका संघाच्या एकूण वेतनाची मर्यादा ३६ लक्ष डॉलर ठरली. तथापि ही मर्यादा लवचिक होती. आपल्याच खेळाडूस पुन्हा करारबद्ध करण्यासाठी संघास ती ओलांडता येत असे, आणि बॉस्टनच्या लॅरी बर्ड ह्यांच्यावरून ह्या सवलतीस त्यांचे नाव रूढ झाले. जुन्या संघास खेळाडू राखण्याचे बंधनाधिष्ठित साधन गेले होते. त्याच्या जागी आता द्रव्याधिष्ठित साधन आले. बाहेरच्या संघास हात आखडता घ्यावा लागत असता जुना संघ अधिक देऊ शके. पुढील चाळीस वर्षांच्या मुदतवाढींचा पाया ह्याच सवलतीत आहे.

(३) नवोदितांचा करार आणि अंतिम दिनांक

नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत पहिला आलेला खेळाडू १९९० नंतर एकही सामना न खेळता प्रचंड रकमेची मागणी करू लागला. १९९४ मध्ये ग्लेन रॉबिन्सन ह्यांस मिल्वॉकी संघाने १० वर्षांसाठी ६ कोटी ८० लक्ष डॉलर दिले. ह्याची प्रतिक्रिया म्हणून १९९५ च्या सामूहिक करारात नवोदितांसाठी ठरावीक वेतनश्रेणी व तीन वर्षांची मुदत आली. मालकांनी नवोदितांचे वेतन बांधले खरे. परंतु तीन वर्षांनी खेळाडू मोकळा होणार, हेही त्याच कलमाने ठरून गेले. परीक्षेसाठी मिळणारा काळ आकुंचित झाला, आणि दोन हंगामांच्या अनुभवावरून पुढील सहा-सात वर्षांचा निर्णय घेण्याची वेळ संघांवर आली.

ह्याचा पहिला मोठा परिणाम मिनेसोटा येथे दिसून आला. केव्हिन गार्नेट हे १९९५ मध्ये माध्यमिक शाळेतून थेट असोसिएशनमध्ये आले होते. १९९७ च्या उन्हाळ्यात त्यांनी सहा वर्षांसाठी १० कोटी डॉलरांहून अधिक रकमेची मुदतवाढ नाकारली, आणि ऑक्टोबरच्या आरंभी १२ कोटी ६० लक्ष डॉलरांची स्वीकारली. तेव्हा त्यांचे वय २१ वर्षांचे होते. त्या संघाच्या मालकाने काही वर्षांपूर्वी सबंध संघ ह्याहून कमी रकमेत विकत घेतला होता. संघापुढील पर्याय विचारात घेता मालकाचा निर्णय अविचाराचा म्हणता येत नाही. आदल्याच वर्षी ऑर्लँडो संघाने शकील ओनील हा आपला आधारस्तंभ मुक्ततेच्या मार्गाने गमावला होता, आणि त्याच्या मोबदल्यात त्या संघास काहीही मिळाले नव्हते. ते उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर ताजे होते.

गार्नेट ह्यांच्या मुदतवाढीचे पडसाद १९९८ च्या टाळेबंदीत उमटले. १ जुलै १९९८ रोजी सुरू झालेली ही टाळेबंदी जानेवारी १९९९ मध्ये संपली, आणि तो हंगाम ५० सामन्यांचाच झाला. नव्या सामूहिक करारात एका खेळाडूच्या वेतनासही कमाल मर्यादा आली : सेवेच्या वर्षांनुसार संघाच्या वेतनमर्यादेच्या सुमारे २५, ३० किंवा ३५ टक्के. नवोदितांच्या करारास संघाच्या विकल्पाचे चौथे वर्ष जोडले गेले, आणि त्यानंतर खेळाडू मुक्त होताना बरोबरी करण्याचा अधिकार जुन्या संघास परत मिळाला. मुदतवाढीसाठी तिसऱ्या हंगामानंतरचा उन्हाळा ठरला. पुढे दीर्घकाळ ३१ ऑक्टोबर हा त्या मुदतवाढीचा अंतिम दिनांक राहिला; २०१७ पासून तो नियमित हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवसावर आला.

(४) संघ कोणत्या गोष्टी तोलून पाहतो

अशा रीतीने घडलेल्या चौकटीत संघाचा निर्णय मुख्यत्वे चार गोष्टींवर अवलंबून राहू लागला. पहिली गोष्ट ज्ञानाची. खेळाडूचा सराव, त्याचा स्वभाव आणि त्याच्या शरीराची वैद्यकीय स्थिती ह्यांविषयी त्याच्या संघाइतकी माहिती अन्य कोणास नसते. हे ज्ञान बाजारभावात उतरण्यापूर्वी करार करणे संघाच्या हिताचे असते. दुसरी गोष्ट गमावण्याच्या भीतीची. नवोदिताच्या बाबतीत बरोबरीचा अधिकार असल्याने ही भीती अल्प असते, आणि थांबण्याचा तोटा बहुधा रकमेपुरता राहतो. अनुभवी खेळाडूच्या बाबतीत मात्र थांबणे म्हणजे तो जाण्याचा धोका पत्करणे होय. तिसरी गोष्ट हिशेबाची. मुदतवाढ न दिलेला खेळाडू मुक्त झाला, म्हणजे नवा करार होईपर्यंत संघाच्या वेतनाच्या हिशेबात त्याच्या नावावर एक ठरावीक रक्कम धरली जाते. ही रक्कम त्याच्या भावी वेतनाहून लहान असल्यास मधल्या दिवसांत संघास दुसरा खेळाडू आणण्यास वाव मिळतो. चौथी गोष्ट स्नेहसंबंधाची. थांबण्याचा निर्णय कितीही शास्त्रशुद्ध असला, तरी खेळाडूस तो अविश्वासाचा वाटू शकतो, आणि ती आठवण पुढील कराराच्या वेळी पुन्हा जागी होते.

एकाच दिनांकास ह्या चार गोष्टी किती भिन्न वळण घेतात, हे २०१२ च्या ३१ ऑक्टोबरने दाखवून दिले. स्टीफन करी हे २००९ च्या निवडीतले खेळाडू. त्यांच्या घोट्यावर २०११ व २०१२ मध्ये शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि २०११–१२ च्या हंगामात ते केवळ २६ सामने खेळले होते. गोल्डन स्टेट संघाने त्यांस चार वर्षांसाठी ४ कोटी ४० लक्ष डॉलरांची मुदतवाढ दिली व त्यांनी ती स्वीकारली. घोटा पुन्हा दुखावला असता तर हा करार संघास जड गेला असता; तो धड राहिला, आणि करार संघाच्या पथ्यावर पडला. करी ह्यांस २०१५ व २०१६ ह्या दोन्ही वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला, आणि २०१५ मध्ये संघाने १९७५ नंतरचे पहिले अजिंक्यपद जिंकले. २०१६ मध्ये नव्या दूरचित्रवाणी करारामुळे वेतनमर्यादा ७ कोटींवरून सुमारे ९ कोटी ४१ लक्ष डॉलरांवर गेली. करी ह्यांचे वेतन मात्र सव्वा कोटीच्या आत होते. त्यामुळे केव्हिन ड्युरँट ह्यांच्यासारख्या खेळाडूस बाहेरून आणण्यास संघास जागा मिळाली.

जेम्स हार्डन हेही २००९ च्याच निवडीतले. ओक्लाहोमा सिटी संघ २०१२ मध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचला होता. ड्युरँट व रसेल वेस्टब्रूक ह्यांस मोठे करार दिले गेले होते, आणि त्याच ऑगस्टमध्ये सर्ज इबाका ह्यांस मुदतवाढ मिळाली होती. २०११ च्या सामूहिक करारात नवोदितांसाठी पाच वर्षांची जी खास मुदतवाढ आली होती, ती संघाने वेस्टब्रूक ह्यांच्यासाठी वापरली असल्याने हार्डन ह्यांस चारच वर्षे देणे शक्य होते. शिवाय मर्यादेवरच्या वेतनाचा कर पुढील वर्षापासून अधिक जड होणार होता. संघाने सुमारे साडेपाच कोटी डॉलर देऊ केल्याचे वृत्त आले. हार्डन ह्यांची अपेक्षा आणि हा प्रस्ताव ह्यांतील अंतर अर्ध्या कोटीच्या आसपास होते. २७ ऑक्टोबर रोजी संघाने त्यांस ह्यूस्टनकडे धाडले, आणि ३१ ऑक्टोबर रोजी ह्यूस्टनने त्यांस पाच वर्षांसाठी सुमारे ८ कोटी डॉलरांची मुदतवाढ दिली. २०१८ मध्ये ते सर्वोत्तम खेळाडू ठरले. ओक्लाहोमा सिटीस बरोबरीच्या अधिकाराच्या आधारे आणखी एक वर्ष थांबता आले असते. दिनांक हा अंतिम मानून त्या संघाने जो निर्णय घेतला, त्याची चिकित्सा अद्याप थांबलेली नाही.

(५) थांबण्याचे मोल

थांबण्याचा निर्णय प्रत्येक वेळी एकतर्फी असतो असे नाही. २०१४ मध्ये सॅन अँटोनिओ संघाने काव्हाय लेनर्ड ह्यांस मुदतवाढ दिली नाही, तेव्हा ते नुकतेच अंतिम मालिकेचे मानकरी ठरले होते. २०१५ च्या उन्हाळ्यात त्यांच्या नावावर धरली जाणारी रक्कम त्यांच्या भावी वेतनाच्या निम्म्याहूनही कमी होती. त्या फटीचा लाभ घेऊन संघाने लामार्कस ऑल्ड्रिज ह्यांस आणले, आणि मग लेनर्ड ह्यांस पाच वर्षांचा पूर्ण वेतनाचा करार दिला. वर्षभराची जोखीम लेनर्ड ह्यांनी उचलली व तिचा लाभ संघास झाला.

शिकागो संघाचे जिमी बटलर ह्यांनी २०१४ च्या शरदात संघाची मुदतवाढ स्वतःच नाकारली. त्या हंगामात सर्वाधिक प्रगती करणाऱ्या खेळाडूचा मान त्यांस मिळाला, आणि २०१५ मध्ये त्याच संघास त्यांस ९ कोटी डॉलरांहून अधिक द्यावे लागले. यूटा संघाने २०१३ मध्ये गॉर्डन हेवर्ड ह्यांच्याशी मुदतवाढ न करता थांबणे पसंत केले. २०१४ मध्ये शार्लट संघाने त्यांस चार वर्षांसाठी सुमारे ६ कोटी ३० लक्ष डॉलर देऊ केले, तेव्हा यूटाने बरोबरी करून त्यांस राखले. परंतु त्या कराराच्या अटी शार्लटने घडविलेल्या होत्या, आणि त्यांत तीन वर्षांनी बाहेर पडण्याचा विकल्प होता. २०१७ मध्ये तो वापरून हेवर्ड बॉस्टनला गेले. थांबल्याने यूटास केवळ अधिक रक्कम मोजावी लागली एवढेच नव्हे, तर कराराची मुदत ठरविण्याचा अधिकारही परहस्ते गेला.

ह्या उदाहरणांच्या शेजारी आयझाया टॉमस ह्यांचे उदाहरण ठेवल्यावाचून चित्र पुरे होत नाही. २०११ च्या निवडीत ते साठावे, म्हणजे अगदी अखेरचे होते. बॉस्टनसाठी २०१६–१७ मध्ये त्यांनी दर सामन्यास सरासरी २८.९ गुण मिळविले. त्यांचे वेतन मात्र जुन्या करारानुसार ७० लक्ष डॉलरांहूनही कमी होते. नियमांनी देता येण्याजोगी मुदतवाढ त्यांच्या त्या वेळच्या मोलाच्या मानाने तुटपुंजी होती, म्हणून करार संपण्याची वाट पाहणे त्यांस क्रमप्राप्त होते. त्याच हंगामाच्या अखेरीस त्यांचे कंबरेचे हाड दुखावले. ऑगस्ट २०१७ मध्ये संघाने त्यांस क्लीव्हलंडकडे धाडले, आणि २०१८ मध्ये मुक्त झाल्यावर त्यांस डेन्व्हर येथे एका वर्षासाठी सुमारे २० लक्ष डॉलरांचा करार पत्करावा लागला. एका वर्षाच्या प्रतीक्षेत एका खेळाडूची जन्माची कमाई कशी हातची जाते, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. बटलर ह्यांचा निर्णय धाडसाचा म्हणून वाखाणला जातो. टॉमस ह्यांची स्थिती त्यांच्याहून निराळी होती ती मुख्यतः शरीराने दगा दिला एवढ्यापुरतीच.

(६) घाईचे मोल

उलट बाजूची उदाहरणेही तितकीच बोलकी आहेत. डेरिक रोझ हे २०११ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, सर्वोत्तम खेळाडू ठरले. त्या वर्षाच्या सामूहिक करारात असा मान मिळविणाऱ्या तरुण खेळाडूस २५ ऐवजी ३० टक्क्यांपर्यंत वेतन देण्याची तरतूद झाली, आणि तिला त्यांचेच नाव लोकांनी दिले. डिसेंबर २०११ मध्ये शिकागोने त्यांस पाच वर्षांसाठी सुमारे ९ कोटी ४० लक्ष डॉलरांची मुदतवाढ दिली. २८ एप्रिल २०१२ रोजी त्यांचा गुडघा निकामी झाला. तेव्हा मुदतवाढीचा पहिला दिवसही उजाडला नव्हता. २०१२–१३ चा संपूर्ण हंगाम ते खेळू शकले नाहीत.

२०१६ मध्ये ड्युरँट ह्यांनी ओक्लाहोमा सिटी सोडल्यावर, आपल्या संघात राहणाऱ्या खेळाडूस विशेष लाभ मिळावा ह्या हेतूने २०१७ च्या सामूहिक करारात एक नवी तरतूद आली. आठ-नऊ वर्षे सेवा झालेल्या व ठरावीक सन्मान मिळविलेल्या खेळाडूस त्याच्याच संघाने वेतनमर्यादेच्या ३५ टक्क्यांपर्यंत वेतन द्यावे, अशी ती होती. वॉशिंग्टन संघाने त्याच वर्षी जॉन वॉल ह्यांस चार वर्षांसाठी सुमारे १७ कोटी डॉलरांची मुदतवाढ दिली. ती २०१९–२० पासून अमलात यावयाची होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांच्या टाचेवरचा स्नायुबंध तुटला व २०१९–२० चा हंगाम पूर्णपणे वाया गेला. येथे जोखमीचा भार संघाने वाहिला, आणि वॉल ह्यांस दुखापतीच्या काळातही वेतन मिळत राहिले. टॉमस व वॉल ह्यांच्या दैवातील अंतर बव्हंशी स्वाक्षरीच्या दिनांकाचे अंतर होते.

तीच तरतूद मिल्वॉकीने डिसेंबर २०२० मध्ये यान्निस आंतेतोकुम्पो ह्यांच्यासाठी वापरली : पाच वर्षे व सुमारे २२ कोटी ८० लक्ष डॉलर. ते २०२१ मध्ये मुक्त होऊ शकले असते. त्याऐवजी जुलै २०२१ मध्ये मिल्वॉकीने १९७१ नंतरचे पहिले अजिंक्यपद मिळविले. तेव्हा घाई व विलंब हे शब्द परिणाम कळल्यानंतरच वापरले जातात, हे अभ्यासकाने विसरू नये. निर्णयाच्या क्षणी वॉशिंग्टनची व मिल्वॉकीची विचारसरणी फारशी भिन्न नव्हती.

(७) अलीकडील स्थित्यंतर

अनुभवी खेळाडूच्या मुदतवाढीतील पहिल्या वर्षाचे वेतन पूर्वीच्या वेतनाच्या किती टक्के असावे, ह्यावर नियमांचे बंधन असते. २०१७ मध्ये ही मर्यादा १२० टक्के होती. २०२३ च्या सामूहिक करारात ती १४० टक्के झाली. मर्यादा सैल झाल्याने करार संपण्याची वाट पाहण्याचे एक कारण कमी झाले. त्याच सामूहिक कराराने अतिखर्चिक संघांवर नवी बंधने घातली : ठरावीक पातळीवर गेलेल्या संघास अनेक खेळाडूंचे वेतन एकत्र करून अदलाबदल करता येत नाही, आणि दूरच्या वर्षातील निवडीचा हक्कही गोठविला जातो. ह्यामुळे मुदतवाढीची रक्कम पूर्वी मालकाच्या खिशापुरता प्रश्न होती. आता ती संघाच्या हालचालींचेच स्वातंत्र्य ठरवू लागली.

जेलेन ब्रन्सन ह्यांच्या करारांत ह्या स्थित्यंतराच्या दोन्ही बाजू पाहावयास मिळतात. २०२१–२२ मध्ये डॅलस संघास त्यांस चार वर्षांसाठी सुमारे साडेपाच कोटी डॉलरांची मुदतवाढ देता आली असती. ती वेळेवर दिली गेली नाही, आणि २०२२ मध्ये ते चार वर्षांसाठी सुमारे १० कोटी ४० लक्ष डॉलर घेऊन न्यू यॉर्कला गेले. जुलै २०२४ मध्ये न्यू यॉर्कशी त्यांनी १५ कोटी ६५ लक्ष डॉलरांची चार वर्षांची मुदतवाढ केली. एक वर्ष थांबल्यास त्यांस पाच वर्षांसाठी सुमारे २६ कोटी ९० लक्ष डॉलर मिळणे शक्य होते. लवकर स्वाक्षरी करून त्यांनी स्वतःस निश्चिती मिळविली, आणि संघास सहकारी खेळाडू राखण्यास वाव दिला.

डॅलसनेच फेब्रुवारी २०२५ मध्ये लुका डॉन्चिच ह्यांस लॉस एंजेलिस लेकर्सकडे धाडले. त्यांस ३५ टक्क्यांची विशेष मुदतवाढ देण्याचा प्रसंग त्याच उन्हाळ्यात येणार होता. ही मुदतवाढ नव्या संघास त्यांस देता येत नव्हती. संघ बदलल्याने तिचा हक्क लोप पावला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी नव्या संघाशी तीन वर्षांसाठी सुमारे १६ कोटी ५० लक्ष डॉलरांची मुदतवाढ केली. हार्डन ह्यांच्याप्रमाणेच येथेही मुदतवाढीचा दिनांक जवळ येण्यापूर्वी खेळाडू दुसरीकडे गेला. दिनांक हा देण्याचा प्रसंग असतो, तसा सोडून देण्याचाही असतो.

उपसंहार

उपर्युक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा, की मुदतवाढीच्या वेळेचा प्रश्न खेळाडूच्या मुक्ततेच्या हक्कातून जन्मास आला. १९७६ पूर्वी तो नव्हता, कारण तेव्हा पुढील वर्ष संघाचेच होते. दुसरा असा, की ही वेळ खेळाडूच्या परिपक्वतेने ठरत नाही. ती १९९५, १९९९, २०११, २०१७ व २०२३ च्या सामूहिक करारांनी आखून दिली, आणि प्रत्येक कराराने आधीच्या एखाद्या प्रसंगाचे उत्तर देताना पुढील प्रसंगाची बीजे पेरली : रॉबिन्सन ह्यांच्या करारामुळे नवोदितांची श्रेणी आली, त्या श्रेणीमुळे गार्नेट ह्यांची मुदतवाढ, तिच्यामुळे कमाल वेतन, आणि ड्युरँट ह्यांच्या प्रस्थानामुळे विशेष मुदतवाढ.

तिसरा निष्कर्ष अधिक मूलगामी आहे. मुदतवाढ ही वरकरणी वेतनाची बोलणी वाटली, तरी तत्त्वतः तो मानवी शरीराच्या अनिश्चिततेचा विमा आहे. लवकर स्वाक्षरी करणारा खेळाडू आपल्या भावी मोलाचा काही भाग हप्ता म्हणून देतो, आणि दुखापतीची जोखीम संघाच्या पदरात टाकतो. संघ थांबतो, तेव्हा ती जोखीम खेळाडूकडेच राहते. करी ह्यांनी हप्ता भरला व त्यांस विम्याची गरज पडली नाही. वॉल ह्यांस ती पडली. टॉमस ह्यांच्यापाशी विमाच नव्हता. ह्यास्तव श्रमसंबंधांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने अशा करारांतील रकमेकडे पाहावेच. परंतु स्वाक्षरी कोणत्या दिवशी झाली, आणि त्या दिवशी कोणत्या पक्षास थांबणे परवडत होते, हेही त्याने तितक्याच बारकाईने तपासावे.